खिंडीचा चढ, तिसरा गिअर

जत,
५ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. दादास,
मालाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे ठीक आहोत. आईचे गुडघे कसे आहेत? मेढ्याला यंदा थंडी बरीच पडली असं ती फोनवर म्हणाली. इकडे थंडी कधीच सरली, धूळ उडायला लागलीय आणि गावात टँकर आत्ताच यायला लागलाय. राजनंदिनीची दहावीची परीक्षा एक मार्चला सुरू होते. ह्यांची गिरणी चालू आहे.

तू फोन उचलणार नाहीस, म्हणून पत्र लिहिते. दीड वर्ष झालं, माझा नंबर तुझ्याकडे लागत नाही. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. माझं काम वेगळं आहे आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे नेता येत नाही.

काम आबांनी मला दिलेल्या गाडीचं आहे.

गाडी चढाला दम तोडतेय. आमच्या गावाच्या अलीकडे खिंड लागते, तुला आठवत असेल. आधी ती खिंड मी चौथ्यात चढायची. दिवाळीनंतर तिसऱ्यात आले. आता दुसऱ्यात टाकूनसुद्धा गाडी जागच्या जागी गुरगुरते आणि मागे काळा धूर सोडते. मागची माणसं हॉर्न वाजवतात, मग मी बाजूला घेते. सपाटीलाही पिकअप नाही. पाय अगदी खाली दाबला तरी गाडीला उशिरा कळतं, जणू ऐकूच येत नाही. डिझेल मात्र पूर्वीपेक्षा जास्त पिते.

इथल्या मल्हार मिस्त्रीला दाखवली. त्याने बॉनेट उघडलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "वयनी, इंजान उतरवायचं बगा. वरवरचं करून काय बी हुनार न्हाई. त्यापरीस इकून टाका." इंजिन उतरवणं आमच्या आवाक्यातलं नाही. आणि गाडी विकली तर दुसरी येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

मला आठवड्यातून तीनदा मिरजेला जावं लागतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे निघायचं आणि सात वाजता तिथे पोचायचंच. एक पेशंट असतो. तिथे उशीर चालत नाही, खाडा तर नाहीच. सातला पोचेल अशी एसटी इथून नाही. ह्यांना डावा पंजा नाही हे तुला माहीत आहे, गिअर टाकता येत नाही. तेव्हा चालवणारी मी एकटीच.

तू अठ्ठावीस वर्षं फौजेच्या गाड्या दुरुस्त केल्यास. ह्या गाडीचा प्रत्येक बोल्ट सुट्टीवर आलास की तू स्वतः आवळायचास आणि मी तुझ्या हातात पाने द्यायची. बारा नंबर मागितलास आणि मी चौदा दिला की डोक्यात टपली मारायचास. म्हणून विचारते. कमी खर्चात, इंजिन न उतरवता, गाडीत काही जीव आणता येईल का? मी स्वतः करू शकेन असं काही सांग. हात काळे करायला मी भीत नाही.

माझ्यावरचा राग राहू दे. गाडी आबांची आहे, एवढ्यासाठी तरी लिही. मी दुसरं कुणाला विचारू, मला खरंच कळत नाही.

आईला नमस्कार. तिला हे पत्र दाखवू नकोस.

तुझी धाकटी,
माला

•

जत,
२५ फेब्रुवारी २०२४, रविवार

ती. स्व. दादास,
नमस्कार.

तुझा कागद मिळाला. वर "प्रिय" नाही, खाली सही नाही, मध्ये फक्त काम. मी तो चार वेळा वाचला. तुझं अक्षर अजून तसंच आहे, रेघेला धरून, शिपाई ओळीत उभे केल्यासारखं.

तू लिहिलंस ना, एका वेळी एकच काम करायचं, मग त्याच चढाला त्याच गिअरमध्ये वेग किती पडतो ते टिपायचं, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. तसंच केलं.

पहिल्यांदा एअर फिल्टर काढला. दादा, तो फिल्टर नव्हताच, जतची अर्धी माळजमीन होती. ह्यांनी अंगणात आपटला तर शेजारची बाई दार लावून आत गेली. नवा घातला. दुसऱ्या दिवशी खिंडीत दुसऱ्या गिअरला गाडी थांबली नाही, पण तिसऱ्यात टाकल्यावर दम तोडला.

मग डिझेलच्या फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी सोडलं. वाटीभर निघालं. तोही फिल्टर बदलला.

मग टर्बोची रबरी नळी. वरून ती छान दिसत होती. तू लिहिलं होतंस की वरून बघू नकोस, खालून हात फिरव, फुटायची ती खालूनच फुटते. राजनंदिनीने बॅटरी धरली आणि मी हात घातला. बोट आत गेलं. अख्खी करंगळी आत जाईल एवढी चीर. इंजिनाला जायची हवा तिथूनच बाहेर जात होती. मल्हार मिस्त्रीला बोट घालून दाखवलं. नवी नळी त्यानेच मिरजेहून मागवून दिली आणि बसवायची मजुरी घेतली नाही.

धूर परत इंजिनात पाठवणारा तो व्हॉल्व्ह मी जुन्या दातांच्या ब्रशने घासला. आतली काजळी कढईच्या बुडासारखी होती. दोन दिवस माझी नखं काळी. मिरजेची सिस्टर म्हणाली, "ताई, हे काय लावून आलात?"

आणि चाकांचं. गाडी थांबल्या थांबल्या चारही चाकांना हात लावून बघ, असं तू लिहिलं होतंस. पुढचं डावं चाक तव्यासारखं तापलं होतं. ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. म्हणजे इतके महिने मी ब्रेक दाबूनच गाडी ओढत होते. ते मिस्त्रीने मोकळं केलं.

परवा शुक्रवारी मी खिंड तिसऱ्यात चढले, पस्तीसच्या वेगाने. धूर अगदी थोडा. हे शेजारी बसले होते, म्हणाले, "आबा असते तर खूश झाले असते."

एवढं असूनही मला धीर नाही. खोटं कशाला लिहू. गाडी सुधारली पण माझं भय गेलं नाही. रोज वाटतं, आज नाही पोचणार. गाडी सुरू झाली की देवाचं नाव घेते आणि बंद करेपर्यंत घेतच राहते. अजून काय करता येईल ते सांग. डिझेल फवारणारे नोझल तपासायचे का? अजून थोडी ताकद मिळाली तर येतानाचा वेळ कमी होईल. येतानाचा वेळ मला फार जड जातो.

तू मागितलेली नोंद सोबत जोडली आहे. दोन आठवड्यांच्या सगळ्या फेऱ्या लिहिल्यात. कधी निघालो, कुठे थांबलो, किती वेळ, खिंडीत गिअर कुठला. काही लपवलेलं नाही.

माला

•

जत,
१२ मार्च २०२४, मंगळवार

दादा,

तुझं कार्ड गेल्या आठवड्यात आलं. त्यात तीनच वाक्यं. "जाताना दोन तास दहा मिनिटं, येताना पावणेचार. इंजिन दहा मिनिटांत थंड होतं, आणि तू डफळापूरच्या अलीकडे सपाटीला चाळीस-चाळीस मिनिटं थांबतेस. गाडी थांबत नाहीये, कोण थांबतंय?"

मी नोंद लिहिताना लपवायचं काही ठेवलं नव्हतं, असं मला वाटत होतं. तुझ्यापुढे आकडे ठेवणं म्हणजे काय, हे मी विसरले होते.

मी थांबते, दादा.

एक पेशंट असतो असं लिहिलं, ते खोटं नव्हतं. पेशंट मीच आहे. माझ्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला लावतात. जवळ कुठे यादीत जागा नव्हती, नंबर लागला तो मिरजेला, सकाळच्या पाळीला. जाताना मी बरी असते. येताना अंगातलं पाणी काढून घेतलेलं असतं, रक्तदाब खाली जातो, पोटऱ्यांत गोळे येतात, क्लच दाबवत नाही. मग बाभळीखाली गाडी लावते. हे माझे पाय चोळतात. डोळ्यापुढचं काळं गेलं की पुन्हा चावी फिरवते. गाडीने चढाला त्रास दिला नाही तर गिअर कमी टाकावे लागतात, क्लच कमी दाबावा लागतो. मला गाडीत ताकद हवी होती ती एवढ्यासाठी. माझ्यात उरली नाही ती गाडीने द्यावी, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

आता दुसरं लिहिते. हे लिहायला दीड वर्ष लागलं.

आबा साताऱ्याच्या दवाखान्यात होते त्या तीन दिवसांत तू अकरा वेळा फोन केलास. ह्यांनी दोनदा उचलला, "येतो" म्हणाले आणि आम्ही आलो नाही. त्या वेळी मी मिरजेला होते. श्वास लागून गेले होते, दवाखान्यात गेल्यावर कळलं की किडन्या संपल्या आहेत. मानेतून नळी घातली होती. मी ह्यांना शपथ घातली की मेढ्याला कळवायचं नाही. आईने नवऱ्याच्या पलंगाजवळ बसायचं की लेकीच्या, हे तिला ठरवायला लागू नये, एवढंच तेव्हा सुचलं. मला वाटलं आबा उठतील. उठले की मी जाईन आणि पाया पडून सगळं सांगेन.

ते गेले हे मला ह्यांनी दोन दिवस सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा माती होऊन गेली होती.

तेराव्याच्या आधी मी तुला फोन केला, आठवतंय? तू म्हणालास, "पाव्हण्यासारखी तेराव्याला येऊ नगंस. आमच्या लेखी तू न्हाईस." मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडात शब्द आले होते. पण मला राग आला. वाटलं, ह्याने एकदाही विचारलं नाही की का नाही आलीस. मग तो राग काही महिन्यांत विरला आणि त्याच्या जागी लाज बसली. इतके दिवस नाही सांगितलं, आता कसं सांगू, असं करत करत दीड वर्ष गेलं.

आता का सांगते, तेही लिहिते.

गेल्या शुक्रवारी, महाशिवरात्रीला, येताना मी थांबले नाही. गाडी छान चालली होती. वाटलं, आज जमेल, लवकर घरी पोचू, उद्या राजनंदिनीचा पेपर आहे. खिंड तिसऱ्यात धरली. अर्ध्या चढाला मला रस्ता पांढरा दिसायला लागला आणि मग दिसलाच नाही. मला पुढचं आठवत नाही. हे सांगतात की गाडी डावीकडे झुकली, ह्यांनी उजव्या हाताने हँडब्रेक वर ओढला आणि तसाच धरून ठेवला. गाडी रस्त्याच्या कडेच्या दगडांना लागून थांबली. त्या दगडांपलीकडे काय आहे ते तुला माहीत आहे. मागून दुधाची गाडी आली, त्यांनी आम्हाला घरी आणलं. कुणाला खरचटलंही नाही. हे मात्र दारातच बसले. म्हणाले, "बास झालं आता. मी तुला अशी मारायला न्हेनार न्हाई."

काल सोमवार. मी गेले नाही. आज चेहरा सुजलाय, चप्पल पायात जात नाही, आडवं पडलं की श्वास लागतो. उद्या हे कुणाची तरी गाडी बघून नेणार आहेत. शुक्रवारी कुणाची बघायची आणि सोमवारी कुणाची, ते माहीत नाही. रोज रोज कोण देणार.

किडनी तुला मागत नाही. तो विषय मनातही आणू नकोस. यादीत नाव आहे, तेवढं पुरे. ये असंही म्हणत नाही. तू विचारलंस कोण थांबतंय, त्याचं हे उत्तर आहे. गाडीचा दोष नाही. तू सांगितलेलं सगळं बरोबर होतं.

आईला आता तूच काय ते सांग. मला जमणार नाही.

माला

•

मिरज,
२७ मार्च २०२४, बुधवार

दादा,

हे पत्र मी मशीनला लागलेली असताना लिहितेय. डाव्या हातात सुया आहेत, उजवा मोकळा आहे. अक्षर वाकडं येतं, समजून घे. सिस्टर सुट्टीला खाली जाईल तेव्हा तिच्याकडे देईन. तू खाली लिंबाच्या सावलीत गाडी लावून बसला असशील. शंभर पावलांवरच्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे हसण्यासारखं आहे. पण अकरा दिवस झाले, तू माझ्याशी गाडीशिवाय कशावर बोललेला नाहीस, आणि समोर बसलं की माझीही जीभ उचलत नाही.

त्या शनिवारी दुपारी तू दारात उभा राहिलास, पाठीला पिशवी आणि हातात ती फौजेतली पान्यांची हिरवी पेटी. मी खाटेवर होते. मला वाटलं आता काहीतरी बोलशील. तू माझ्या पायांकडे बघितलंस, मग ह्यांना म्हणालास, "गाडी कुठं हाय?" आणि मागच्या दाराने निघून गेलास. संध्याकाळपर्यंत तुझ्या पान्यांचा आवाज येत होता. राजनंदिनी येऊन सांगून गेली की मामा गाडीखाली आहे आणि मधेच बराच वेळ काहीच करत नाही, नुसता पडून आहे.

तू नोझल काढून सांगलीला नेलेस, तपासून आणलेस. एक पिचकारीसारखा उडत होता म्हणालास, त्यामुळेच उरलेला धूर होता. वरचा लोखंडी कॅरिअर काढून टाकलास, म्हणालास, "रिकामं वझं कशाला वागवायचं?" परवा खिंड तू चौथ्यात चढलास. मी मागच्या सीटवर आडवी होते. गिअर पडला नाही हे मला पाठीला कळलं. दोन तास पंधरा मिनिटांत घरी आलो. घरी येऊन मी दोन घास जेवले. असं किती महिन्यांत झालं नव्हतं.

आणि ह्यांच्यासाठी तू जे करतोयस ते मी खिडकीतून बघते. गिअरच्या दांड्यावर वाकडी लोखंडी कडी वेल्डिंग करून घेतलीस, आतून रबर लावलंस, म्हणजे पंजा नसला तरी मनगट अडकवून गिअर पडावा. शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी दोघं जाता. तू त्यांच्यावर ओरडतोस, "दाजी, क्लच सोडताना डोळं मिटू नगा." अठरा वर्षं संसार केला, त्यांना कुणाचं एवढं ऐकून घेताना मी पाहिलं नव्हतं. सांगलीच्या आरटीओचा कागद आला, रीतसर परवानगी मिळाली की ते चालवतील. त्याला किती दिवस लागतील, आणि मेढ्याला आई एकटी, तू किती दिवस राहणार, हे मी मोजत नाही.

डॉक्टरांशी तू परवा बोललास, तेव्हा मी दाराआड होते. मशीनच्या सुया टोचतात ती हाताची नस बसत चाललीय आणि दुसरी जागा चांगली नाही, असं ते म्हणाले. तू काय विचारलंस तेही ऐकलं. तुझ्या साखरेमुळे ते नको म्हणाले, तेही ऐकलं. मी तुला लिहिलं होतं ना, तो विषय मनात आणू नकोस म्हणून. घरी येताना तू एकदाही आरशात मागे बघितलं नाहीस. मला माहीत आहे तू का बघितलं नाहीस.

म्हणून आता मी एक मागते. मागेन म्हणून पहिल्या पत्रापासून ठरवत होते आणि फिल्टर, नळी, नोझल असं करत टाळत होते. काल राजनंदिनीचा शेवटचा पेपर झाला. दोन वर्षांनी ती अठराची होईल. तेव्हा मी असेन किंवा नसेन. तिला गाडी तू शिकव. मेढ्याच्या उतारावर, मला शिकवलीस तशी. टपली मार, पण शिकव. ह्यांना एकट्याला तिचं सगळं झेपायचं नाही. तिला मामा आहे, हे तिला आता कळलंय. ते तिच्याकडून परत घेऊ नकोस.

अजून एक विचारायचं आहे. ते गाडीत विचारता येणार नाही, हे शेजारी असतात, आणि आईला विचारायची माझी हिंमत नाही.

साताऱ्याला त्या तीन दिवसांत तू आबांच्या उशाशी होतास. त्यांनी माझं नाव घेतलं का? माला कुठाय, असं विचारलं का? आणि विचारलं असेल तर तू काय सांगितलंस? घेतलं नसेल तरी मी सहन करीन, मी आता पुष्कळ सहन करते. पण माझ्या बरं वाटण्यासाठी काही बनवून सांगू नकोस. आज अकरा वाजता मला खाली आणतील. चाकाच्या खुर्चीतून गाडीत बसवताना तूच मला धरशील, तेव्हा कानात सांग. एक शब्द सांगितलास तरी चालेल.

खाली येईपर्यंत अजून दीड तास आहे. तोवर तुझ्या उत्तराला भिऊन आणि तरीही त्याचीच वाट बघत पडलेली,

तुझी बहीण,
माला